‘बेअर’ : उत्तरेच्या बर्फातली गस्तनौका (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

अमेरिकेच्या तटरक्षक दलाच्या ‘बेअर’ या नौकेबद्दल मी गेली काही वर्षे जमेल तिथे बोलतो, लिहितो. बेअर म्हणजे अस्वल. ही नौका १८७४ मध्ये पाण्यात उतरली, १९६३ मध्ये बुडाली आणि तिचे अवशेष ओळखल्याची घोषणा २०२१ मध्ये झाली. मधल्या काळात तिने अलास्काच्या किनाऱ्यावर जे काम केले, ते आपल्याकडे फारसे कुणाला माहीत नाही. लोकांनी पुन्हा पुन्हा विचारलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. काहींची उत्तरे दोन ओळींत संपतात, काहींना वेळ द्यावा लागला.

‘कटर’ म्हणजे नेमके काय?

पूर्वी एका डोलकाठीच्या, चपळ, वेगवान शिडाच्या गलबताला कटर म्हणत. अमेरिका स्वतंत्र झाल्यावर तिजोरीत खडखडाट होता आणि चोरटा व्यापार जोरात होता. तेव्हा १७९० मध्ये अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन यांनी जकात वसूल करण्यासाठी १० कटर बांधायची परवानगी काँग्रेसकडून, म्हणजे तिथल्या संसदेकडून, मिळवली. त्यातूनच ‘रेव्हेन्यू कटर सर्व्हिस’, म्हणजे समुद्रावरचे जकात दल, उभे राहिले. १९१५ मध्ये हे दल आणि किनाऱ्यावरची जीवरक्षक सेवा एकत्र करून अमेरिकेचे तटरक्षक दल स्थापन झाले. शिडे गेली, नौका पोलादाच्या झाल्या, नाव मात्र टिकले. आजही त्या दलाच्या मोठ्या नौकेला कटरच म्हणतात.

बेअर अमेरिकेतच बांधली का?

नाही, स्कॉटलंडमधल्या डंडी गावात. अलेक्झांडर स्टीफन अँड सन्स या गोदीने ती बांधली, तीही गस्तीसाठी नव्हे, तर न्यूफाउंडलंडच्या बर्फात सीलची शिकार करण्यासाठी.

डंडीच का, याचे उत्तर थेट आपल्या देशाशी येऊन भिडते. त्या काळी डंडी ही तागाची राजधानी होती आणि ताग जायचा बंगालमधून. कच्चा ताग कडक असतो, तो तेल आणि पाणी देऊन मऊ केल्याशिवाय यंत्रावर कातता येत नाही. त्यासाठी डंडीच्या गिरण्या देवमाशाचे तेल वापरत. म्हणून गावाला बर्फाळ समुद्रात जाणारी शिकारी जहाजे लागत आणि तशी जहाजे बांधणारे कारागीर तिथे पिढ्यान्‌पिढ्या तयार झाले. बंगालच्या शेतात पाण्यात कुजत घातलेल्या तागाचा आणि अलास्काच्या बर्फातल्या या नौकेचा असा संबंध आहे, हे कळले तेव्हा मला फार आनंद झाला होता.

लाकडी नौका बर्फात टिकते कशी?

त्या काळात लाकूडच अधिक भरवशाचे होते. बर्फ नौकेला समोरून धडक देतो, पण त्याहून भयंकर असतो तो दोन्ही बाजूंनी येणारा दाब. लाकूड थोडे लवते, कुरकुरते, दाब ओसरला की पुन्हा जागेवर येते. तेव्हाचे रिव्हेट ठोकलेले लोखंडी पत्रे कडाक्याच्या थंडीत ठिसूळ व्हायचे आणि एकदा फाटले की भर समुद्रात दुरुस्ती अशक्य. बेअरच्या बाजू ६ इंच जाडीच्या ओकच्या फळ्यांच्या होत्या. त्यावर बर्फाचे घर्षण सोसणाऱ्या अतिकठीण लाकडाचे आवरण होते आणि आतून भक्कम आडव्या तुळया. बर्फाशी पहिली गाठ नाळेची, म्हणजे नौकेच्या पुढच्या टोकाची, म्हणून ती खास मजबूत केलेली. लांबी सुमारे १९८ फूट. तीन डोलकाठ्या आणि सोबत वाफेचे इंजिन. वारा असेल तेव्हा शिडावर चालून कोळसा वाचवायचा आणि बर्फातून वाट काढायची वेळ आली की इंजिन लावायचे.

बर्फातून वाट काढायचे कामही डोळ्यांचेच. डोलकाठीच्या टोकाला एक पिंप बांधलेले असे. त्यात उभा राहून पहारेकरी फक्त पाणी पाहत नसे, आभाळही वाचत असे. क्षितिजावरचे ढग खालून पांढरे उजळलेले दिसले तर तिकडे बर्फ, काळपट दिसले तर तिकडे मोकळे पाणी.

मग ती अमेरिकेकडे कशी आली?

एका फसलेल्या मोहिमेमुळे. १८८१ मध्ये ॲडॉल्फस ग्रीली यांच्या नेतृत्वाखाली २५ माणसे ग्रीनलंडच्या पश्चिमेला, थेट उत्तरेकडच्या एल्समीर बेटावर वैज्ञानिक नोंदींसाठी गेली. १८८२ मध्ये पाठवलेले मदतीचे जहाज पोहोचू शकले नाही. १८८३ मध्ये गेलेले ‘प्रोटिअस’ बर्फाने चिरडून टाकले. तिसऱ्या प्रयत्नासाठी अमेरिकी नौदलाने बर्फात मुरलेली नौका शोधली आणि बेअर विकत घेतली.

२२ जून १८८४ रोजी ‘थेटिस’ आणि बेअर एल्समीरजवळच्या केप सबाइन या टोकाला पोहोचल्या, तेव्हा अर्धवट कोसळलेल्या तंबूत ७ माणसे जिवंत होती. त्यांतला एक परतीच्या वाटेवर वारला. पुढच्याच वर्षी बेअर जकात दलाकडे सोपवण्यात आली आणि जवळपास ४० वर्षे अलास्का हेच तिचे कार्यक्षेत्र राहिले.

गस्त म्हणजे ती नेमके काय करायची?

हा प्रश्न मला सर्वांत आवडतो. गस्त म्हटले की तोफ आणि पाठलाग डोळ्यांसमोर येतो. बेअरवर तोफा होत्या, चोरट्या शिकाऱ्यांचा पाठलागही तिने केला. पण तिचे रोजचे काम वेगळेच होते.

अमेरिकेने १८६७ मध्ये रशियाकडून अलास्का विकत घेतला, पण तिथे सरकार म्हणावे असे काहीच नव्हते. हजारो मैलांचा किनारा, ना न्यायालय ना दवाखाना. वर्षातून एकदा, बर्फ वितळला की बेअर यायची. टपाल उतरवायची, शिक्षक आणि त्यांच्या शाळेचे सामान पोहोचवायची. तिचा डॉक्टर गावोगावी आजारी माणसे तपासायचा. कैदी, साक्षीदार, वाट चुकलेले खलाशी, अडकलेले व्यापारी सगळे तिच्याच डेकवरून जायचे. स्थानिक लोकांना दारू विकणाऱ्या जहाजांवर छापे घालून पिंपेच्या पिंपे समुद्रात ओतली जायची. १८८९ मध्ये अगदी उत्तर टोकाच्या पॉइंट बॅरोला, फुटलेल्या जहाजांवरच्या खलाशांसाठी निवारा उभा राहिला, त्याचे सामानही बेअरनेच नेले. आपल्याकडे तलाठी, पोस्टमन, सिव्हिल सर्जन आणि फौजदार एकाच होडीतून येतात अशी कल्पना करा, म्हणजे अंदाज येईल.

आणखी एक काम होते सीलच्या रक्षणाचे. बेरिंग समुद्रातल्या प्रिबिलॉफ बेटांवर फर सील पिलांना जन्म देतात. पिलांना पाजणाऱ्या माद्या अन्नासाठी समुद्रात गेल्या की शिकारी त्यांना तिथेच मारत आणि किनाऱ्यावर पिले उपाशी मरत. बेअर या शिकाऱ्यांना अडवायची. १९११ मध्ये अमेरिका, ब्रिटन, रशिया आणि जपान यांनी करार करून भर समुद्रातली ही शिकार बंद केली. जी नौका सील मारण्यासाठी बांधली होती, तिच्या आयुष्याची मोठी वर्षे सील वाचवण्यात गेली.

कॅप्टन हीली कोण होते? त्यांच्याबद्दल इतके वाद का?

मायकेल हीली १८८६ ते १८९५ बेअरचे कप्तान होते आणि अलास्काच्या किनाऱ्यावर त्यांचा शब्द शेवटचा होता. १८३९ मध्ये जॉर्जिया राज्यात त्यांचा जन्म झाला. वडील आयर्लंडहून आलेले मळेवाले, आई त्याच मळ्यावरची गुलाम. तिथल्या कायद्याने आईची स्थिती तीच मुलांची, म्हणजे हीली जन्माने गुलाम ठरत होते. वडिलांनी मुलांना उत्तरेकडे शिकायला पाठवले. एक भाऊ पुढे बिशप झाला, एक जॉर्जटाउन विद्यापीठाचा अध्यक्ष. मायकेल मात्र शाळेतून पळाले आणि समुद्रावर गेले. १८६५ मध्ये ते जकात दलात अधिकारी झाले. अमेरिकी सरकारच्या जहाजाचे कप्तान झालेले आफ्रिकी वंशाचे ते पहिले गृहस्थ. पण हयातभर लोक त्यांना गोरा समजत राहिले. ही हकिकत सर्वांना कळली ती त्यांच्या मृत्यूनंतर कितीतरी वर्षांनी.

बर्फाची त्यांना उत्तम जाण होती आणि उपाशी गावांची खरी कळकळ होती. पण ते भयंकर पीत आणि शिस्तीच्या नावाखाली क्रूर होत. खलाशांचे हात मागे बांधून त्यांना वर टांगण्याच्या शिक्षेवरून त्यांची चौकशी झाली, त्यातून ते सुटले. १८९६ मध्ये दारूच्या आरोपांवरून दुसरी चौकशी झाली आणि त्यांना पदावरून दूर केले गेले. पुढे ते सेवेत परतले, १९०३ मध्ये निवृत्त झाले आणि १९०४ मध्ये वारले.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय हे उत्तर पुरे होत नाही. बेअरवर येण्याआधी हीली ‘कॉर्विन’ या कटरचे कप्तान होते. ऑक्टोबर १८८२ मध्ये नौदलाच्या अधिकाऱ्याच्या हुकमाखाली त्याच कॉर्विनमधून अलास्कातल्या मूळ ट्लिंगिट लोकांच्या अँगून गावावर तोफा डागल्या गेल्या. कारण काय, तर एका कंपनीच्या जहाजावरच्या स्फोटात त्यांचा वैदू मेला आणि गावाने रिवाजाप्रमाणे भरपाई म्हणून २०० घोंगड्या मागितल्या. घरे जळाली, होड्या फोडल्या, हिवाळ्याची साठवण नष्ट झाली. मुले दगावली. अमेरिकी नौदलाने याबद्दल अधिकृत माफी मागितली ती २०२४ मध्ये, १४२ वर्षांनी. उपाशी गावांसाठी धावणारा कप्तान आणि अँगूनसमोर उभ्या असलेल्या नौकेचा कप्तान एकच आहे. मला दोन्ही सांगावेसे वाटतात, एक सांगून दुसरे झाकणे बरोबर नाही.

रेनडिअर जहाजात भरून आणले, हे खरे आहे का?

अगदी खरे. शिकारी जहाजांनी देवमासे आणि वॉलरस बेसुमार मारले आणि त्यांवरच जगणाऱ्या किनाऱ्यावरच्या गावांत उपासमार होऊ लागली. १८७८ ते १८८० च्या सुमारास सेंट लॉरेन्स बेटावर गावेच्या गावे ओस पडली होती. हीलींनी समुद्राच्या पलीकडे, सायबेरियात, चुकची लोकांना रेनडिअरचे कळप पाळताना पाहिले होते. हे जनावर अलास्कात आणले तर, असा विचार त्यांनी आणि शिक्षणाचे काम पाहणाऱ्या शेल्डन जॅक्सन यांनी केला.

चुकची जनावर मारून द्यायला तयार असत, जिवंत विकायला नसत. बऱ्याच मिनतवाऱ्या करून, मालाच्या बदल्यात, १८९१ मध्ये १६ रेनडिअर मिळाले. पाय बांधून, होडीत आडवे घालून ते जहाजापर्यंत आणायचे आणि दोराने वर ओढायचे. ते प्रवास झेपतात की नाही हे पाहण्यासाठीच ही पहिली खेप होती. १८९२ मध्ये १७१ रेनडिअर पोर्ट क्लॅरेन्सला उतरवले गेले. १९०२ मध्ये रशियाने परवानगी थांबवेपर्यंत एकूण १,२८० जनावरे आली.

योजना चांगली होती, पण ती वरून लादलेली होती. मासे आणि सील मारणाऱ्या माणसाला एका फटक्यात धनगर करता येत नाही. तरी काही इन्युपियाक (उत्तर अलास्कातले मूळ रहिवासी) कुटुंबांनी हे काम इतके आपलेसे केले की सुअर्ड द्वीपकल्पावर त्यांचे कळप आजही चरतात.

१८९७ ची बॅरोची सुटका म्हणजे काय घडले होते?

बेअरबद्दल एकच गोष्ट सांगायची झाली तर मी हीच सांगेन. म्हणून जरा सविस्तर.

१८९७ च्या शरद ऋतूत बर्फ लवकर आला आणि देवमाशांची शिकार करणारी ८ जहाजे पॉइंट बॅरोच्या परिसरात अडकली. जहाजांवर सुमारे २६५ माणसे. उन्हाळ्यापर्यंत अन्न पुरणार नाही अशी बातमी दक्षिणेत पोहोचली. राष्ट्राध्यक्ष मॅकिन्ले यांनी बेअरला पाठवायचे ठरवले. पण बर्फ सुरू झाल्यावर कुठलीच नौका बॅरोपर्यंत जाऊ शकत नाही. तेव्हा ठरले असे, की नौकेने जिथवर जाता येईल तिथवर जायचे, तिथे माणसे उतरवायची आणि त्यांनी वाटेत रेनडिअरचे कळप मिळवून ते हाकत उत्तरेला न्यायचे. खाणे स्वतःच्या पायांनी चालत जाणार, असा हा बेत.

नोव्हेंबरअखेर बेअर निघाली. कप्तान होते फ्रान्सिस टटल. १६ डिसेंबरला केप व्हँकुव्हरजवळ तिघे उतरले : लेफ्टनंट डेव्हिड जार्विस, लेफ्टनंट एल्सवर्थ बर्थॉल्फ आणि डॉक्टर सॅम्युएल कॉल. पुढे सुमारे १,५०० मैल, कुत्र्यांच्या आणि रेनडिअरच्या घसरगाड्यांवर, ध्रुवीय हिवाळ्याच्या अंधारात.

कळप मिळाले दोघांकडून. एक, केप प्रिन्स ऑफ वेल्सचे मिशनरी टॉम लॉप. दुसरे, इन्युपियाक पशुपालक चार्ली अँटिसारलूक. चार्लींचा प्रसंग मला चटका लावून जातो. शंभराहून जास्त जनावरांचा तो कळप म्हणजे त्यांचे सर्वस्व, आजूबाजूच्या कुटुंबांचाही आधार. सरकारी अधिकारी तो मागत होता, अनोळखी गोऱ्या शिकाऱ्यांसाठी. याच शिकाऱ्यांच्या धंद्याने त्यांच्या लोकांचे देवमासे संपवले होते. जार्विसने जोर न करता विनंती केली आणि जनावरे परत देण्याचे वचन दिले. चार्लींनी पत्नी मेरी यांच्याशी बोलून होकार दिला. एवढेच नव्हे, घर सोडून स्वतः कळपासोबत उत्तरेला गेले.

२९ मार्च १८९८ रोजी जार्विस बॅरोला पोहोचला. मागोमाग ३८२ रेनडिअर आले. तोवर तिथली माणसे कशी जगली होती? इन्युपियाक शिकाऱ्यांच्या आणि चार्ल्स ब्रोवर या तिथल्या रहिवासी व्यापाऱ्याच्या जिवावर. तेच हिवाळाभर कॅरिबू, म्हणजे तिथले रानटी रेनडिअर, मारून आणत होते. खलाशी एका अंधाऱ्या घरात दाटीवाटीने, घाणीत राहत होते. जार्विसने त्यांना पांगवले, स्वच्छता लावली, हालचाल राहावी म्हणून बर्फावर बेसबॉल खेळायला लावले. २८ जुलैला बर्फ फुटला आणि बेअर बॅरोला येऊन पोहोचली.

१९०२ मध्ये तिघा अधिकाऱ्यांना काँग्रेसने सुवर्णपदके दिली. बर्थॉल्फ १९१५ मध्ये तटरक्षक दलाचे पहिले प्रमुख झाले. चार्ली अँटिसारलूक यांना पदक मिळाले नाही. १९०० मध्ये गोवराच्या साथीत ते गेले. मेरी यांनी कळपावरचा हक्क लढून टिकवला, वाढवला आणि त्या अलास्कातल्या श्रीमंत स्त्रियांपैकी एक झाल्या. ‘सिनरॉक मेरी’ हे त्यांचे नाव अलास्कात आजही घेतले जाते. या मोहिमेची हकिकत सांगताना चौथे आणि पाचवे नाव म्हणून मी चार्ली आणि मेरी यांचीच नावे घेतो.

‘कार्लुक’च्या लोकांना बेअरनेच वाचवले ना?

पूर्णपणे नाही. कॅनडाच्या मोहिमेचे ‘कार्लुक’ जानेवारी १९१४ मध्ये बर्फाने चिरडले आणि माणसे रँगल बेटावर अडकली. कप्तान बॉब बार्टलेट आणि कताक्तोविक हा तरुण इन्युपियाक शिकारी बर्फावरून चालत सायबेरियाला पोहोचले आणि त्यांनी मदत मागवली. ऑगस्टमध्ये बेअर बार्टलेटना घेऊन निघाली, पण बर्फ दाट आणि कोळसा संपत आलेला, म्हणून तिला परत फिरावे लागले. कोळसा भरून ती पुन्हा निघाली, तोवर ७ सप्टेंबरला ‘किंग अँड विंज’ या छोट्या मासेमारी नौकेने उरलेल्या १२ जणांना उचलले होते. दुसऱ्या दिवशी ते बेअरवर आले. त्यांत एका इन्युपियाक दांपत्याच्या दोन लहान मुली होत्या आणि जहाजावरचे मांजरही.

ती निवृत्त झाली की नाही?

१९२६ मध्ये झाली. ओकलंड शहराने तिचे संग्रहालय केले. पण मंदीत शहराला ती सांभाळणे जमेना. लिलावात भंगारवाल्याने १,००० डॉलर लावले आणि ॲडमिरल रिचर्ड बर्ड यांनी १,०५० डॉलर देऊन ती सोडवली. साठीच्या घरातली ती नौका ‘बेअर ऑफ ओकलंड’ नावाने १९३३ ते १९३५ दरम्यान दक्षिण ध्रुवाच्या मोहिमेवर गेली. १९३९ मध्ये डिझेल इंजिन बसवून पुन्हा गेली.

दुसरे महायुद्ध आले आणि तिला परत उत्तरेला बोलावणे आले, या वेळी ग्रीनलंडला. जर्मनांना युरोपातले हवामान आधी कळण्यासाठी ग्रीनलंडवर हवामान केंद्रे हवी होती आणि अमेरिकेला ती होऊ द्यायची नव्हती. सप्टेंबर १९४१ मध्ये ‘नॉर्थलँड’ या कटरने ‘बुस्को’ नावाचे संशयित जहाज पकडले आणि ते बोस्टनला नेण्याचे काम बेअरने केले. १९४४ मध्ये तिची सेवा संपली तेव्हा ती ७० वर्षांची होती.

शेवट कसा झाला?

युद्धानंतर ती हॅलिफॅक्सच्या बंदरात वर्षानुवर्षे पडून राहिली. पुढे फिलाडेल्फियात तिचे तरंगते उपाहारगृह करायचे ठरले. मार्च १९६३ मध्ये ओढून नेत असताना वादळात दोर तुटला, डोलकाठी कोसळली आणि ती बुडाली. तिच्यावरची दोन माणसे वाचली.

अवशेष खरेच तिचेच आहेत का?

तज्ज्ञांच्या मते जवळजवळ नक्की. अमेरिकेच्या सागरी व हवामान संस्थेने आणि तटरक्षक दलाने २०१९ मध्ये समुद्रतळाचे सर्वेक्षण केले, २०२१ मध्ये दूरनियंत्रित पाणबुडी यंत्राने जवळून चित्रण केले. बोस्टनच्या पूर्वेला सुमारे २६० मैलांवर, साधारण २०० फूट खोल. बर्फासाठी केलेली नाळेची खास मजबुती जुन्या छायाचित्रांशी ताडून पाहिली आणि मग निष्कर्ष काढला.

आज काय पाहता येईल?

नौका नाही. नाळेवरची अस्वलाची मूर्ती व्हर्जिनियातल्या सागरी संग्रहालयात आहे. अशा लाकडी बर्फनौकेवर प्रत्यक्ष पाय ठेवायचा असेल तर डंडीला जा. तिथे १९०१ मध्ये पाण्यात उतरलेली ‘डिस्कव्हरी’ धक्क्याला लागून उभी आहे. त्याच गावात तागाच्या जुन्या गिरणीचेही संग्रहालय आहे, तेही चुकवू नका.

बेअरचे नाव आज एका पोलादी कटरला आहे. हीली यांचे नाव एका मोठ्या बर्फफोड्या नौकेला आहे. २०२१ मध्ये ही ‘हीली’ अलास्काहून निघून कॅनडाच्या उत्तरेकडच्या बर्फाळ मार्गाने अटलांटिकमध्ये उतरली आणि बोस्टनला आली. ऑक्टोबरमध्ये ती तिथल्या धक्क्याला असतानाच बेअर सापडल्याचे जाहीर करण्यात आले.